काचेतलं पाणी

आज काहीच झालं नाही, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

माणसांना बसवून फेऱ्या मारणारं आमचं छोटं वाफेचं इंजिन, आणि त्याच्या बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी. काच अर्धी होती. पहिल्या फेरीला अर्धी, तिसऱ्या फेरीला अर्धी. डब्यांवर माणसं चढली, उतरली, बॉयलरने त्यांना ओढण्यापुरती वाफ केली, मग त्या वाफेचं पाणी आलं कुठून? हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. चालत्या इंजिनाच्या काचेत पाणी गप्प बसत नाही. वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला की फुगतं, चढावर मागे सरतं म्हणून जास्त दिसतं, उतारावर कमी, रुळाच्या सांध्यांवर थरथरतं. न हलणारं पाणी हीच खूण. हे मीच नव्या मुलांना शिकवते.

काकांनी काचेखालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडला, पाणी गेलं. बंद केला. धडधाकट काचेत ते उडी मारून परत येतं, हे मुंगीच्या पावलांनी आलं. पंप मारायचा नाही, कारण भट्टीचं छत पाण्याबाहेर उघडं पडून तापलं असेल तर त्यावर गार पाणी म्हणजे वाफेचा भडका. विस्तवाला हवा ओढणारा ब्लोअर बंद, राखपेटीची पिन ओढली, विस्तव खाली. फलाटावर मुलं रांगेत उभी होती. ते जाऊ दे.

काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गार झाल्यावर खालचा नट काढला. ओ-रिंग, म्हणजे काचेभोवतीची रबराची कडी, चेपून काचेच्या तोंडावर आली होती, भोक जेमतेम सुईएवढं उरलेलं. खालून पाणी धड ये-जा करत नव्हतं, वरून वाफ थंड होऊन काचेत ठिबकत होती, म्हणून पातळी खोटी आणि वर. पाच इंच रुंदीच्या रुळांवरच्या इंजिनाची सहा मिलिमीटरची काच, चूक केवढीशी: कापताना जरा आखूड निघाली, आणि रबर गळू नये म्हणून नट पान्याने आवळला. खरं तर हाताने घट्ट आणि वर एक पाव फेरा, एवढंच. त्याआधी काचेच्याच जाडीची सळई वरच्या फिटिंगातून खालच्यात सरळ उतरते का पाहायचं. नाही उतरली तर काच वाकडी बसते आणि आज ना उद्या तडकते. काच मीच बसवली होती. सळईसुद्धा घातली होती. सळई सुरेख उतरली होती!

बॉयलरची चाचणी झालेलीच होती, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने, पाणी भरून. तांबं शाबूत, जोड शाबूत. पण भट्टीच्या छतावर पाणी नसेल तर ती चाचणी कसली कामाची? विस्तवावरचं तांबं मऊ पडतं, जोडांमधला चांदीचा डाख साडेसहाशे अंशांच्या आसपास सुटतो. कॉक मिटून बराच वेळ थांबल्यावर पातळी खालच्या नटाच्या जरा वर स्थिरावली. म्हणजे छत बुडालेलं होतं. म्हणजे काहीच झालं नाही.

तरी सकाळच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: ‘काच पाहिली.’ पाहिलीच होती की. चांगली निरखून. अर्धी होती.

इतकी वर्षं इंजिनं उघडून पुन्हा जोडायची, ट्यूबा घासायच्या, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचे शंकू सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून क्षार काढायचे, आणि अडायचं कुठे, तर रबराच्या कडीपाशी. संध्याकाळी मात्र हसूच आलं. वहीतला रकाना खोडून लिहिलं: ‘कॉक उघडून काच फुंकली, पाणी किती वेगाने परत आलं?’ उत्तरासाठी जागा मोठी ठेवली आहे, नुसती बरोबरची खूण मावू नये म्हणून.

मग नवीन काचा कापायला बसले. तिकोनी कानशीने एक ओरखडा, अंगठे दोन्ही बाजूंना, कट्. टोकं ज्योतीवर धरून गोल केली. तीन कापल्या. पहिली पुन्हा आखूडच निघाली.