पॅडवरची अक्षरं : आमची वाटचाल

आमचं मशीन शॉप डेट्रॉइटच्या उत्तरेला आहे, वुडवर्ड अव्हेन्यूपासून दहा मिनिटांवर. ऑगस्टात ड्रीम क्रूझ भरते तेव्हा दुकानाचं दार उघडं ठेवलं की बिग ब्लॉक, म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन, कुठला आणि स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान व्ही-८, कुठला, हे आवाजावरूनच कळतं. १९९८ साली दोन बोअरिंग बार आणि एक जुनं सनेनचं होनिंग मशीन घेऊन सुरुवात केली. बोअरिंग, होनिंग, व्हॉल्व्ह सीट ही इंजिन दुरुस्तीची कामं इथे बरेच जण करतात. आमच्याकडे लोक लांबून येतात ते वेगळ्या कामासाठी. हे इंजिन खरोखर याच गाडीत जन्मलं का, हे सांगायला.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर होते. काळी वाळू, लाकडी पॅटर्न, ओतकाम यातच मी वाढलो. ऑइल इंजिनच्या ब्लॉकवर उठलेला नंबर बघून कुठला पॅटर्न, कुठली पाळी, हे ते सांगायचे. ओतलेला नंबर वेगळा आणि ठोकलेला नंबर वेगळा, हा फरक मला तिथेच कळला. अमेरिकेत आल्यावर माझ्या पोटापाण्याच्या कामी आला तो हाच धडा.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सॅगिनॉच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेला एक निवृत्त गृहस्थ. त्याच्याकडे १९६९ ची शेवरले कॅमारो होती, झेड/२८ या वेगवान प्रकारातली. शेवरलेचे स्मॉल ब्लॉक सॅगिनॉतच ओतले जायचे, त्यामुळे आपण साच्यात घातलेल्या कोअरचा, म्हणजे वाळूच्या गाभ्याचा, ब्लॉक आपल्याच गाडीत असेल, या विचाराने तो हरखून जायचा. मी त्याला वडिलांबद्दल सांगितलं, तेव्हा त्याने माझे हात उलटेपालटे करून बघितले. पुढे सहा महिने दर शनिवारी तो डोनट घेऊन दुकानात येऊन बसला आणि मला ब्लॉक वाचायला शिकवलं.

त्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १२४३७ ने सुरू होतो. त्यातून व्ही-८ कूपे एवढंच कळतं. झेड/२८ आहे हे त्यात कुठेच नाही. ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्स जोडायच्या बेलहाउसिंगच्या फ्लॅन्जवर, कास्टिंग नंबर (ओतताना उठलेला) ३९७००१०. आता हाच नंबर ३०२ घनइंचाच्या इंजिनालाही आहे आणि ३५० च्याही. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चारच इंच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा, एकाचा ३ इंच, दुसऱ्याचा ३.४८. म्हणजे रिकामा ब्लॉक हातात घेऊन मायक्रोमीटर लावला तरी उत्तर मिळत नाही. उत्तर असतं पुढे, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यातल्या बोटभर सपाट पट्टीवर, म्हणजे पॅडवर. त्याच्या गाडीच्या पॅडवर ठोकलेलं व्ही, मग महिना-दिवसाचे चार आकडे आणि शेवटी डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन प्लांट, डीझेड म्हणजे झेड/२८ चं ३०२. शेजारी १९एन आणि सहा आकडे: शेवरले, १९६९, गाडी बांधणारा नॉरवुडचा प्लांट, गाडीचा क्रम. ओतल्याची तारीख वेगळीच असते, ब्लॉकच्या अंगावर उठलेली. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग इंजिनची जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा निघाला तर पुढे बघायचीही गरज नाही.

एक गोष्ट मात्र नंबरांच्या याद्यांमध्ये सापडत नाही. पॅडवरचे दोन ठसे दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असतात. पहिला इंजिन प्लांटात, दुसरा गाडी जिथे बांधली तिथे. हत्यारं वेगळी, हात वेगळे, ठोक्याचा जोर वेगळा. दोन्ही ठसे सारखेच खोल आणि एका रांगेत सुबक दिसले की माझ्या पोटात गोळा येतो.

२००९ मध्ये डेट्रॉइटची काय अवस्था होती ते वेगळं सांगायला नको. क्रायस्लर एप्रिलअखेर आणि शेवरले बनवणारी जीएम १ जूनला दिवाळखोरीत गेली. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे त्यांच्यावरच पोट भरणारे, आणि पगार थांबला की हौशीची गाडी सगळ्यात आधी ताडपत्रीखाली जाते. ते वर्ष आम्ही कसंबसं काढलं. खरा घाव २०११ मध्ये बसला.

जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने १९७० ची शेवरले शेव्हेल तपासायला पाठवली. एलएस६ म्हणून, म्हणजे ४५४ घनइंचाचं, ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन असलेली. आमचं जवळजवळ चाळीस टक्के काम त्याच्याकडून यायचं. ब्लॉक ३९६३५१२, बरोबर. पण तोच ब्लॉक ३६० हॉर्सपॉवरच्या एलएस५ लाही होता. पॅडवर टी, म्हणजे टोनावांडाचा इंजिन प्लांट, आणि शेवटी सीआरव्ही, म्हणजे फोर स्पीड गिअरबॉक्सची एलएस६. तारखांचा क्रमही जुळत होता. टॉर्च आडवा धरला आणि भिंग लावलं. कारखान्यात डेक, म्हणजे हेड बसते तो ब्लॉकचा वरचा भाग, ब्रोच नावाच्या कटरने सपाट करताना त्या पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा उमटतात. इथे त्या नव्हत्याच. होते ते कटरचे गोल वळसे, आणि त्यावर ठसठशीत, खोल अक्षरं.

व्यापाऱ्याचं म्हणणं, कुणीतरी मागे डेक घासला असेल, म्हणून रेघा गेल्या. मी विचारलं, पॅड आणि डेक एकाच पातळीत असतात, रेघा खाणारा कटर अक्षरं कशी सोडेल? घासलेल्या पॅडवर अक्षरं पुसट होतात किंवा जातात. ताज्या घासलेल्या जागेवर ताजी अक्षरं असतील, तर ती नंतरच ठोकलेली. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने अहवाल बदलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. महिन्याभरात प्रत्येक शोमध्ये एकच वाक्य कानावर येऊ लागलं: या माणसाला शेवरले कळत नाही, बाहेरून आलाय. तीस वर्षं कास्ट आयर्न हाताळल्यावर हे ऐकावं लागलं. ते अजून बोचतं, आणि मी ते लपवत नाही.

त्याच्याकडून येणारं काम गेलं, पाठोपाठ आणखी दोघांकडून येणारं. होनिंग मशीन विकायला काढलं. बायको रात्रपाळी करत होती, तिच्या पगारावर घराचा हप्ता जायचा. एका शनिवारी सॅगिनॉचा म्हातारा आला. त्याने मशीनवर लावलेली विक्रीची चिठ्ठी फाडून खिशात घातली आणि पुढच्या वर्षीच्या कामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले. मग आपल्या ओळखीतल्या सात जणांना त्याने एकेक करून आमच्याकडे आणलं. त्यानंतरची वर्षं नीट गेली.

आता चार गोष्टी सांगतो, कुणी विचारल्या नसल्या तरी. पॅडला सॅंडपेपर किंवा वायर ब्रश कधीही लावू नका. पेंट रिमूव्हर आणि नायलॉनचा ब्रश पुरे. घासलेलं पॅड कायमचं संशयात राहतं, इंजिन खरं असलं तरी. गाडी घेताना पैसे देण्याआधी पॅडचा फोटो मागा, आडव्या उजेडातला. अल्टरनेटर आड येतो असं म्हणाले तर तो काढायला सांगा. आणि नुसत्या कास्टिंग नंबरवर कुणी जास्त किंमत मागत असेल तर सरळ उठून या.

गेल्या वर्षी म्हाताऱ्याचा मुलगा तीच झेड/२८ ट्रेलरवर घालून घेऊन आला. वडील गेल्याचं त्याने दारातच सांगितलं. हेड गॅस्केट फुटलं होतं, डेकही थोडा वाकला होता. दुसरीकडे कुठेही तो एका तासात सपाट करून दिला असता, पॅडसकट. आम्ही कटर हेडच्या कडेपाशी थांबेल असा स्टॉप बनवला, दोन दिवस लागले. पॅडवर तेलाचा हलका हात फिरवला. डीझेड तसंच आहे, आणि त्याखालच्या रेघाही.