व्हिएंतियान: दोन रात्री पुरे, पण पुलावर फसू नका

लाओसच्या राजधानीत आम्ही नवरा-बायको मार्चअखेर दोन रात्री राहिलो. शहर शांत, माणसं मवाळ, असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. थायलंडच्या सीमेवरच्या पुलापासून शहरापर्यंतचे वीस किलोमीटर कसे काढायचे, हे मात्र कोणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून आधी तेच.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नोंग खाई. तिथला मेकाँगवरचा मैत्री पूल चालत ओलांडू देत नाहीत, शटल बसच घ्यावी लागते. पलीकडे व्हिसा हातोहात मिळाला. आमच्या भारतीय पासपोर्टला माणशी ४० डॉलर लागले, सोबत एक फोटो आणि एक फॉर्म. पैसे डॉलरमध्येच न्या, तेही करकरीत नोटा. थाई बातमध्ये भरलं तर महाग पडतं.

बाहेर पडल्या पडल्या टुकटुकवाला समोर आला. "आज शहराची बस नाही." रात्रभर झोप नव्हती, पाठीवर बारा-बारा किलो, नऊ वाजताच उन्हाचे चटके. आम्ही विश्वास ठेवला. त्याने लॅमिनेट केलेलं दरपत्रक पुढे केलं, त्यावर ६०० बात. घासाघीस करून ३०० वर आणला. शहरात पोचल्यावर म्हणतो, ३०० माणशी! शिवाय गेस्टहाउसपर्यंत सोडायचं ठरलेलं असताना तलात साव बाजारापाशीच उतरवलं. नवरा वाद घालत होता, शेवटी मी ४०० देऊन विषय मिटवला आणि उरलेला दीड किलोमीटर आम्ही सामानासकट चाललो.

पैशांपेक्षा त्या थापेचा राग मला अजून आहे. दुसऱ्या दिवशी बुद्ध पार्कला जायला तलात सावच्या बसस्थानकावरून १४ नंबरची बस पकडली, तर ती थेट त्याच पुलापाशी जाऊन थांबली! आम्ही ज्या जागी उभे होतो तिथून जेमतेम पन्नास पावलांवर. तिकीट माणशी १५ हजार किप (लाओसचं चलन) पडलं, म्हणजे डॉलरपेक्षाही कमी. तेव्हा व्हिसाचा शिक्का बसला की कोणाशीही न बोलता १४ नंबर शोधा. "बस नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, थांब्यावर स्वतः जाऊन बघा. बसला तासभर लागतो, लागू दे. टुकटुक घ्यायचीच झाली तर आकडा फोनवर लिहून दाखवा, दोघांकडे बोट दाखवून "मिळून एवढेच" हे कबूल करून घ्या आणि पैसे दारात उतरल्यावरच द्या. शहरात फिरायला लोका नावाचं टॅक्सीचं ॲप आहे, त्यात भाडं आधीच दिसतं. आम्ही ते दुसऱ्या दिवशी घेतलं, तुम्ही सिमकार्ड मिळताच घ्या. आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. थायलंडमध्ये आपल्यासारखी वाहनं डावीकडून चालतात, पूल संपला की उजवीकडून.

बुद्ध पार्क म्हणजे १९५८ पासून उभारलेल्या सिमेंटच्या मूर्ती, बुद्धाबरोबर आपले शिव-विष्णूही. तासाभरात होतं. वाट सी साकेत चुकवू नका. १८१८ सालचा विहार, ओवऱ्यांच्या भिंतीतल्या कोनाड्यांत हजारो छोटे बुद्ध. फा थात लुआंग हा स्तूप सोनेरी आहे आणि तिथे सावली नाही, सकाळीच जा. ('थात' म्हणजे आपला 'धातू', अस्थिधातूंचा स्तूप.) पातुसायची कमान खालून बघितली तरी चालेल.

एकच ठिकाण सांगायचं झालं तर कोप केंद्र. अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले छोटे बॉम्ब आजही शेतात सापडतात आणि लोकांचे हातपाय जातात. इथे त्यांना कृत्रिम अवयव मिळतात. लोकांनी पूर्वी घरीच लाकडाचे, पत्र्याचे बनवलेले पाय तिथे टांगून ठेवले आहेत. मी त्यांच्यापुढून बराच वेळ हलू शकले नाही. प्रवेश फुकट आहे, पण देणगी द्या, टुकटुकवाल्याला दिलेत त्याहून जास्त द्या.

नदीकाठाची मोठी आशा ठेवू नका. उन्हाळ्यात मेकाँग पार लांब सरकते, बंधाऱ्यावरून आधी वाळवंटच दिसतं. संध्याकाळचा बाजार ठीक. शाकाहारी असाल तर "बो साय नाम पा" पाठ करा: माशाचा सॉस घालू नका. एवढं म्हटल्यावर चिकट भात आणि परतलेल्या भाज्या सगळीकडे मिळाल्या.

निघताना उत्तरेकडच्या व्हांग व्हियेंग गावाची रेल्वे घेणार असाल तर ड्रायव्हरला नुसतं "स्टेशन" म्हणू नका. थायलंडची गाडी खामसवाथला येते, व्हांग व्हियेंगवरून चीनकडे जाणारी दुसऱ्याच स्थानकातून सुटते आणि ते शहरापासून बरंच बाहेर आहे. स्थानकाचा फोटो दाखवा, गाडीच्या दोन तास आधी निघा. आत विमानतळासारखी तपासणी असते. आमची फळं कापायची सुरी आणि डिओचा स्प्रे तिथेच राहिला. या दोन वस्तू आदल्या रात्री गेस्टहाउसमध्येच कोणाला तरी देऊन टाका.