वाड्याच्या चौकात सकाळ टिकवताना

चित्रपटातला प्रसंग पडद्यावर जेमतेम सहा मिनिटांचा होता. पहाटेचे काम आटोपून सासू आणि थोरली सून वाड्याच्या चौकात बोलत बसतात, बोलण्याचे भांडण होते आणि उन्हे अंगणात यायच्या आत सून घर सोडते. ‘उन्हे यायच्या आत’ हे शब्द पटकथेत लिहायला सोपे असले, तरी असा प्रसंग चित्रित करायला सबंध दिवस लागतो आणि त्या दिवसात सूर्य काही थांबत नाही. सकाळ दिवसभर टिकवून धरण्याची ती जबाबदारी छायालेखक म्हणून माझी होती.

वाडा वाईतला, गणपती आळीपासून फार लांब नसलेला. मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा प्रेक्षकांनी इतक्या चित्रपटांत पाहिला आहे की दिग्दर्शकाला तो नकोच होता. या वाड्याचा चौक १८ फूट रुंद असून त्याच्या पूर्वेची व दक्षिणेची बाजू एकमजली आणि उरलेल्या दोन्ही दुमजली आहेत. रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, गेल्यावर मी होकायंत्र आणि फोनवरचे सूर्यमार्ग दाखवणारे अॅप काढले, तेव्हा ओसरीवर शेंगा निवडत बसलेल्या मालकीणबाई म्हणाल्या, “त्यात काय बघतेस गं? या दिवसांत तुळशीवर साडेनऊला ऊन येतं. होळीनंतर लवकर येतं. तोवर माझी पूजा झालेली असते.” अॅपनेही जवळपास तीच वेळ दाखवली. डिसेंबरच्या अखेरीस वाईत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या आतच राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तो थेट माथ्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. तेव्हा हाच प्रसंग घेतला असता, तर दुपारभर नटांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोखच दिसला असता.

उपाय नवा नव्हता. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला गेल्यावर वर पांढरे कापड ताणले आणि त्यावर खालून दिवे मारून आकाशाचा बिनसावलीचा प्रकाश निर्माण केला. माझ्याकडे खरे आकाश आणि खरे ऊन होते, त्यामुळे मला कापड फक्त ऊन आणि नट यांच्या मध्ये आणायचे होते. अडचण अशी की शंभर वर्षांच्या कौलांवर पाय ठेवायला कोणी तयार नव्हते. शेवटी मुंबईहून आलेल्या ग्रिपच्या, म्हणजे सेटवरची बांधाबांध करणाऱ्या, मुलांनी नव्हे, तर वाईच्याच मांडववाल्या काकांनी मार्ग काढला: चारही कोपऱ्यांत बांबूची परांची उभारून, कौलांना स्पर्श न करता, वळचणीच्या जरा वर आडवे बांबू बांधायचे आणि त्यावर कापड सरकते ठेवायचे.

भाड्याने आणलेले सिल्क, म्हणजे ऊन मऊ करणारे पातळ कापड, पहिल्याच वाऱ्यात फडफडू लागले. त्याची सावली चेहऱ्यांवर हलत होतीच, पण आम्ही ध्वनी जागेवरच रेकॉर्ड करत असल्याने ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून ठेवले आणि शांतपणे चहा मागवला, हा त्याचा निषेध आम्ही सगळे ओळखतो. मग बाजारातून मांजरपाट आणून शिंप्याकडून पट्टे जोडून घेतले. मांजरपाट जड असते, आवाज करत नाही, मात्र प्रकाश बराच गिळते आणि न धुतलेले असल्याने त्यातून येणारे ऊन पिवळसर होते. प्रकाश कमी होण्याची मला चिंता नव्हती. वर सूर्यच होता. रंगाचा प्रश्न मात्र खरा होता, कारण सकाळी चौकात फक्त आकाशाचा प्रकाश असतो आणि त्याचे रंगतापमान ७००० केल्विनच्याही वर जाते, म्हणजे तो निळा असतो. त्यामुळे कापडाखालच्या प्रत्येक शॉटआधी राखाडी कार्ड आणि रंगतक्ता धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे अशी रंगाची जुळणी, नव्याने लावला.

तरीही सुनेच्या डाव्या गालावर हिरवट झाक उरत होती. मीटर काही सांगेना. ती माजघराच्या भिंतीशी बसली होती आणि भिंतीला कमरेपर्यंत मोरपंखी ऑइलपेंट होता. त्या रंगावरून उसळलेला प्रकाश तिच्या गालावर येत होता. फ्रेमच्या बाहेरच्या भिंतीवर काळे कापड टाचले, आणि गाल पुन्हा माणसाचा झाला. माजघरात जळणाऱ्या एलईडी बल्बनेही असाच हळूच त्रास दिला असता. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि आम्ही २४ फ्रेम्सने चित्रित करत होतो. १८० अंशांच्या शटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असताना, मागच्या दारात प्रकाशाचे पट्टे सरकताना दिसले असते. शटर १७२.८ अंशांवर नेले की प्रत्येक फ्रेम नेमकी १/५० सेकंद उघडी राहते आणि पट्टे जातात.

सगळ्यात अवघड गोष्ट तांत्रिक नव्हती. चौक मोकळा दिसणारे सगळे लांबचे शॉट साडेनऊच्या आत संपवायचे होते, कारण त्यांत कापड लपवता येत नाही. जवळचे शॉट दुपारी कापडाखाली, आणि तीननंतर पश्चिमेच्या दुमजली बाजूची सावली पडली की उरलेले. याचा अर्थ भांडणाचा शेवट आणि सुनेचे निघून जाणे सकाळी आधी, आणि भांडणाची सुरुवात जेवणानंतर. सासूची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री रंगभूमीवरच्या, त्यांनी मला सरळ विचारले, “मी न चढलेला राग उतरवायचा कसा?” माझ्याकडे उत्तर नव्हते. दिग्दर्शकाने आदल्या संध्याकाळी दोघींना चौकातच संपूर्ण प्रसंग ओळीने दोनदा करायला लावला, ध्वनिमुद्रकाने तो रेकॉर्ड केला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक शॉटआधी त्या त्या वाक्यांचा आवाज त्यांनी ऐकला. शॉटांचा क्रम ठरवणे हे साहाय्यक दिग्दर्शकाचे काम मानले जाते. माझ्या मते बाहेरच्या चित्रीकरणात तो छायालेखकाचा सगळ्यात मोठा दिवा असतो, आणि त्याची किंमत नट मोजतात, हेही मान्य केले पाहिजे.

मुंबईत रंगसंस्काराच्या, म्हणजे शॉटांचे रंग जुळवण्याच्या, वेळी कलरिस्टने सकाळचे आणि कापडाखालचे शॉट शेजारी लावले. चेहरे जुळले, फक्त मांजरपाटाचा पिवळेपणा सावल्यांत रेंगाळला होता, तो त्याने सावल्यांपुरताच निळ्याकडे ढकलला. एका शॉटमध्ये सासूच्या खांद्यावर आडव्या बांबूची पुसट रेघ होती. चित्रीकरण ४के मध्ये आणि अंतिम प्रत त्याच्या निम्म्या रुंदीच्या २के मध्ये असल्याने फ्रेम थोडी आत घेऊन ती कापता आली.