सुळे आले नसते तरी

आज पुन्हा एकदा 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया २' हा ॲनिमेशन सिनेमा बघितला आणि मगासपासून डोक्यात तोच फिरतोय. पहिला भाग २०१२ चा, हा २०१५ चा, आणि लोक सहसा पहिलाच चांगला म्हणतात पण मला हा दुसरा जास्त जवळचा वाटतो, कारण पहिल्यात मुलीला सोडायचं कसं हा प्रश्न होता आणि इथे नातवाला तो जसा आहे तसा घ्यायचा कसा हा आहे, आणि हे दुसरं खूप जास्त अवघड असतं.

गोष्ट साधीच. राक्षसांसाठी हॉटेल चालवणाऱ्या ड्रॅकुलाची मुलगी मेव्हिस, तिचं जॉनीशी लग्न होतं, डेनिस जन्मतो, आई व्हॅम्पायर आणि बाप माणूस, आता पोरगं कोणावर गेलंय हे कळायला पाचव्या वाढदिवसापर्यंत वाट बघायची, तोवर सुळे आले तर व्हॅम्पायर नाहीतर माणूस. आणि ड्रॅकुला आजोबा वरवर म्हणत राहतात की मला काही फरक पडत नाही, पण लक्ष सगळं त्या पोराच्या तोंडाकडे! नावसुद्धा साधं डेनिस म्हणवत नाही, 'डेनिसोविच' म्हणणार. नातवाला हाक मारतानाही त्याला आपल्याकडे थोडंसं ओढून घ्यायचंय, आणि हे इतकं खरं आहे ना, कुठल्याही घरात बाळ आलं की नाक कोणाचं डोळे कोणाचे हे सुरूच होतं, आणि ते प्रेमानेच चालतं, पण त्या प्रेमात एक मागणी असते.

मग आईबाप कॅलिफोर्नियाला जॉनीच्या घरी जातात आणि इकडे ड्रॅक मित्रमंडळी घेऊन नातवाला 'राक्षस' बनवायला निघतो. हा सगळा भाग मला प्रचंड आवडतो. फ्रँकेनस्टाइन लोकांना घाबरवायला जातो तर लोक सेल्फी मागतात, ममीची वाळूचं वादळ उठवता उठवता कंबर धरते, लांडगा वेनला शिकार करून दाखव म्हटलं तर त्याच्यात ती रगच उरलेली नाही. म्हणजे जे पोराला शिकवायचंय ते शिकवणाऱ्यांकडेच राहिलेलं नाही, जग बदललं तसे हेही बदलले, फक्त ड्रॅकला ते मान्य करायचं नाहीये.

आणि मग तो मनोऱ्याचा सीन. ड्रॅक लहानपणी ज्या कॅम्पमध्ये उडायला शिकला तिथे तो डेनिसला घेऊन जातो, तर तिथे आता सगळं एकदम सुरक्षित, पोरांना जपून जपून शिकवणं चाललेलं, ते बघून हा वैतागतो आणि रात्री त्या उंच, डुगडुगणाऱ्या मनोऱ्यावर चढून नातवाला खाली सोडतो. पोरगं पडतंय, पडतंय, आणि चेहऱ्यावर हसू! भीती नाहीच, आजोबांवर पूर्ण विश्वास. आणि वर ड्रॅक वाट बघतोय, आता उडेल, आता उडेल, आणि जमीन अगदी जवळ येते तेव्हा स्वतः झेप घेऊन त्याला धरतो. बाकी मित्र घाबरून ओरडत असतात. मला दरवेळी इथे हसू येतं आणि पोटात गोळाही येतो, कारण त्या काही क्षणांत आजोबाला नातवापेक्षा नातवाचं उडणं मोठं वाटलेलं असतं.

त्याचा व्हिडिओ मेव्हिसपर्यंत पोचतो आणि ती परत येऊन बापाला जे सुनावते ते या सिनेमाचं काळीज आहे. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा की तुम्ही माणसांना हॉटेलात घेतलंत, मनात नाही घेतलंत. बास. मुलांच्या सिनेमात इतकं थेट कोणी बोलत नाही. दारं उघडी ठेवणं सोपं असतं हो, पाहुणे येतात आणि जातात, पण घरातलंच पोर वेगळं निघालं की खरी परीक्षा.

तिकडे जॉनीच्या घरीही थोडं तसंच, सुनेला परकं वाटू नये म्हणून सासू भुताखेतांची सजावट करून ठेवते, बिचारीचा हेतू चांगला आणि मेव्हिस अवघडून गेलेली. दोन्ही बाजूंना प्रेम आहे, दोन्ही बाजू चुकतायत, कोणी खलनायक नाही, हे मला फार भावलं. (ड्रॅकच्या बापाचा चाकर, बेला नावाचा तो वटवाघूळ शेवटी येतो मारामारीला, पण त्याची गरज नव्हती असंच मला वाटतं.)

गेंडी टार्टाकोव्हस्कीचं दिग्दर्शन आहे, 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' या कार्टून मालिकेवाला, आणि ते पात्रांच्या हालचालीत लगेच कळतं. थ्रीडी असूनही हातपाय रबरासारखे ताणले जातात, ड्रॅक एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये फटकन जातो, मध्ये काही नाहीच, जुन्या हाताने काढलेल्या कार्टूनसारखं. आणि ड्रॅकचा बाप म्हणजे डेनिसचे पणजोबा व्लाड, त्यांना आवाज मेल ब्रूक्सचा, ज्याने १९७४ मध्ये स्वतः फ्रँकेनस्टाइनवर कॉमेडी केली होती, तोच आता राक्षसांच्या घरातला सगळ्यात म्हातारा, किती छान जुळवलंय!

एकच गोष्ट मनाला लागते. शेवटी डेनिसला सुळे येतातच. वेनची मुलगी आणि डेनिसची मैत्रीण विनी, तिच्यावर संकट येतं, पोरगं चिडतं आणि सगळी ताकद एकदम बाहेर पडते, थिएटरसाठी झकास, पण त्याच्या जरा आधीच ड्रॅक आपल्या बापासमोर उभा राहून नातवाची बाजू घेतो, तो माणूस असला तरी आमचाच आहे म्हणतो, आणि मग लगेच सुळे आले की त्या बोलण्याची किंमतच कमी होते ना. आजोबांनी मन बदललं आणि बक्षीस म्हणून जे हवं होतं तेच मिळालं! डेनिस माणूसच राहिला असता, लाल कुरळे केस, सुळे नाहीत, उडता येत नाही, आणि तरी वाढदिवसाला सगळा राक्षसगोतावळा त्याच्याभोवती नाचला असता, तर मी हा सिनेमा अजून डोक्यावर घेतला असता. २०१८ च्या तिसऱ्या भागात तर ड्रॅकच्याच प्रेमाची गोष्ट आहे, डेनिस बाजूला पडतो. मला त्या पोराचं मोठं होणं बघायचं होतं.