कॉर्व्हेट, ९११ आणि मामांची ओम्नी

रविवारी परत तोच वाद झाला. टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं, बाहेर बेळगावचा पाऊस नुसता धो धो, आणि विषय ठरलेला, शेवरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट सी८ (म्हणजे कॉर्व्हेटची आठवी पिढी) भारी की पोर्शे ९११. निपाणीचा दोस्त पक्का ९११वाला, घरचा तंबाखूचा व्यापार बघतो आणि मोबाईल उघडला की नुसत्या पोर्शे. खानापूरचा माझा मावसभाऊ कॉर्व्हेटवाला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आकडे सगळे तोंडपाठ. ६.२ लिटरचा व्ही८, ४९० हॉर्सपॉवर, परफॉर्मन्स एक्झॉस्ट घेतला तर ४९५, जोरात पळवायचं झेड५१ पॅकेज असेल तर शून्य ते ६० मैल २.९ सेकंदात, आणि अमेरिकेत आली तेव्हा किंमत ६० हजार डॉलरच्या आत. "एवढ्या पैशात पोर्शे काय देतंय सांग की" हे त्याचं नेहमीचं. त्यावर निपाणीकर, "काय बोलूलास रे, मॅन्युअल गिअर तरी हाय काय त्यात?" आणि ते खरंच आहे, सी८ मध्ये आठ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर, एवढंच मिळतं, पोर्शे मात्र ९११ ची जीटी३ अजून मॅन्युअलमध्ये देते, ४ लिटरचं बिनटर्बो इंजिन, ९००० आरपीएमपर्यंत जाणारं.

इथपर्यंत रोजचंच. पण ह्यावेळी निपाणीकरानं असा एक मुद्दा काढला की मावसभाऊ गप्पच झाला. म्हणाला, सी८ चं वजन पुढं ४० टक्के मागं ६०, आणि ९११ चं पुढं ३८-३९ मागं ६१-६२, मग इंजिन मधे, मिड-इंजिन मिड-इंजिन करून नाचतोस कशाला, दोन्ही गाड्या मागंच जड आहेत की.

आकडे बरोबर आहेत. पण ह्या आकड्यात खरी गोष्ट दिसतच नाही, आणि मी उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या वरखाली हालचालीनं गोल फिरणारा इंजिनातला दांडा) मशीनशॉपमध्ये काम करतो, फिरणारं वजन हा माझा दिवसभराचा धंदा, त्यामुळं मला राहवेना. दोघांना म्हटलं उद्या जेवणाच्या सुट्टीत शॉपवर या, दाखवतो.

आले. मी स्क्रॅपमधून चार फुटी सळई काढली आणि नापास झालेली फ्लायव्हीलची दोन कास्टिंग, मधे भोक असलेली. आधी दोन्ही कास्टिंग सळईच्या दोन टोकांना बसवली, तारेनं आवळली, आणि निपाणीकराला म्हटलं मधोमध दोन्ही हातांनी धर आणि झटकन डावीकडं फिरव, लगेच उजवीकडं. मनगटं कळवळली त्याची. फिरायला सुरू होईना आणि एकदा सुरू झाली की थांबेना, थांबवताना तो स्वतःच अर्धा फिरला. मग तीच कास्टिंग सरकवून मधे आणली, हाताच्या अगदी जवळ, आणि परत फिरव म्हटलं. लाटणं फिरवावं तशी फिरली. काट्यावर ठेवली तर दोन्ही वेळा वजन तेवढंच, मधे बोटावर तोलली तर दोन्ही वेळा सरळच राहते, पण हाताला फरक कळतो.

९११ चं इंजिन मागच्या एक्सलच्या मागं लटकलेलं असतं, पेट्रोलची टाकी आणि डिकी पार पुढं, म्हणजे वजन टोकांना. सी८ चं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं पण मागच्या एक्सलच्या पुढं, म्हणजे वजन मधे गोळा झालेलं. टक्केवारी जवळपास सारखीच येते, पण वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक किती पटकन आत वळतं आणि मागचा भाग बाहेर जायला लागला तर किती पटकन आवरतो, ते ह्या टोक-मध्यावर ठरतं. जुन्या ९११ ला वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढं यायला बघायची ती ह्याचमुळं.

आता ९११ ला नावं ठेवायची नाहीत मला. उलट १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवलेली गाडी, इंजिन अवघड जागी, आणि साठ वर्षं त्या कंपनीनं सस्पेन्शन, टायर, गाडीची लांबी सगळं घासून घासून तिला इतकी वळवली की आज भल्याभल्या मिड-इंजिनवाल्यांना ती ऐकत नाही. शिवाय मागच्या चाकांवर बसलेलं वजन वळणातून बाहेर पडताना जी पकड देतं ते ओल्या रस्त्यावर सोनं आहे, आणि मागं दोन बारकी पोरं बसतात. पण पहिल्यापासून कोरा कागद दिला तर मी इंजिन मधेच ठेवीन.

आणि हे अमेरिकेतल्या एका माणसाला फार आधी कळलं होतं. झोरा आर्कस-डंटोव्ह. कॉर्व्हेट १९५३ ला आली, हा त्याच साली ती बनवणाऱ्या जनरल मोटर्समध्ये इंजिनिअर म्हणून लागला, आणि नंतर इंजिन मधे न्या म्हणून आयुष्यभर मागं लागला, सर्व्ह १, सर्व्ह २ अशा प्रयोगाच्या गाड्या करून दाखवल्या. पण पुढं इंजिन असलेली कॉर्व्हेट चांगली खपत होती, खर्च कोण करणार. १९९६ ला तो गेला. सी८ आली जुलै २०१९ ला, कॅलिफोर्नियात रात्र आणि आपल्याकडं सकाळ, मी कामावर जायच्या आधी मोबाईलवर बघितली आणि मला त्या माणसाचीच आठवण आली, २३ वर्षं उशीर झाला. तोवर पुढच्या इंजिनची गाडी ७५५ हॉर्सपॉवरपर्यंत ताणून झाली होती, आणखी ताकद दिली तर मागची चाकं नुसती जागेवर फिरणार, म्हणून शेवटी इंजिन मागं सरकलं.

माझा स्वतःचा जीव मात्र झेड०६ च्या, म्हणजे सी८ च्याच जास्त ताकदीच्या गाडीच्या, एलटी६ इंजिनात अडकलाय. ५.५ लिटर, ६७० हॉर्सपॉवर, टर्बो नाही, ८६०० आरपीएम. बाजारात आली तेव्हा बिनटर्बोच्या व्ही८ मध्ये जगात सगळ्यात ताकदवान. त्यात फ्लॅट-प्लेन क्रँक आहे. नेहमीच्या अमेरिकन व्ही८ चा क्रँक पुढून बघितला तर पिना (पिस्टनचे दांडे जोडतात ते खुंटे) अधिक चिन्हासारख्या चार दिशांना, त्यामुळं तोल साधणारी काउंटरवेट जाडजूड लागतात. फ्लॅट-प्लेनच्या पिना एकाच पातळीत, अर्ध्या वर अर्ध्या खाली, काउंटरवेट हलकी, म्हणून आरपीएम चढायला वेळ लागत नाही, बदल्यात थरथर जास्त. आणि दिसायला तो अगदी चार सिलिंडरच्या क्रँकसारखा, जो मी रोज बॅलन्सिंग मशीनवर चढवतो, फिरवतो, स्क्रीनवर दाखवेल तिथं ड्रिल मारून दोन-चार ग्रॅम काढतो. त्या बारीक गरम किसाचा वास आला की मला ८६०० आरपीएमचा आवाजच आठवतो.

शेवरोलेनं २०१७ संपताना भारतात विक्री बंद केली, त्यामुळं उजव्या स्टिअरिंगची पहिली कॉर्व्हेट सी८ च निघाली तरी आपल्याकडं ती काय शोरूमला येत नाही. माझी वाट आता दुसऱ्याच गाडीची आहे. टोयोटानं जानेवारी २०२५ ला टोकियो ऑटो सलोनमध्ये जीआर यारिस एम नावाची प्रयोगाची गाडी दाखवली, २ लिटर टर्बो, चार सिलिंडर, इंजिन सीटच्या मागं, आणि तेव्हापासून सगळे एकच म्हणतायत की एमआर२ परत येणार. एमआर२ म्हणजे १९८४ ते २००७, सामान्य माणसाला परवडणारी मिड-इंजिन गाडी. ही जर आली आणि भारतात आली तर विकणाऱ्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर असणार, टोयोटा किर्लोस्कर. आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं ते १८८८ साली आपल्या बेळगावात, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर इथंच सुरू झाले, १९१० ला जागा सोडावी लागली म्हणून ते किर्लोस्करवाडीला गेले. मला ती गाडी बेळगावात बघायची आहे ती ह्यासाठी.

हे सगळं मी मामांना सांगितलं. मामांकडं खानापूरला मारुती ओम्नी आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि गंमत बघा, ओम्नी पण आली १९८४ लाच, तेव्हा नाव मारुती व्हॅन, आणि तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, दोन्ही एक्सलच्या मधे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. लहानपणी मामांबरोबर जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून साखळीला जायचो, धुकं इतकं की पुढचं वळण दिसायचं नाही, आणि सीटखालून मस्त ऊब यायची. आम्ही मिड-इंजिन गाडीतच वाढलो म्हणा की.

निपाणीकर सळई घेऊन गेलाय, घरी वडिलांना दाखवतो म्हणाला. अजून ९११ च म्हणतोय, पण ४०-६० चं नाव काढत नाही. मामांचा काल फोन आला, "रविवारी या रे पोरांनो, सीट वर करून इंजिन दाखवतो, आणि पाऊस उघडला तर कणकुंबीपर्यंत जाऊन येऊ."