समुद्रसपाटीपासून

रेल्वे स्टेशनवरची पिवळी पाटी मी नावासाठी वाचत नाही. नाव माहीतच असतं, तिकीट आपणच काढलेलं असतं. मी वाचतो ती खालची बारीक ओळ: समुद्रसपाटीपासून उंची इतके इतके मीटर. चढ-उतार ड्रायव्हरला कळावा म्हणून रुळांच्या कडेला वेगळ्या पाट्या असतात. तेव्हा ही ओळ हातात चहा घेऊन रिकामटेकडं उभं राहणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली असणार, असं मी धरून चालतो.

ही खोड बाबांची. आम्ही इंदूरचे, रामबागेतले, आजोळ खंडव्याला. तेव्हा मधे मीटरगेज होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये एकशे एक वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्के व्याजानं कर्जाऊ देऊन टाकून घेतलेली. (हे बाबा अशा थाटात सांगायचे की जणू पैसे त्यांच्या पगारातून कापले गेले होते.) परतताना कालाकुंडला गाडी थांबायची, मागून आणखी एक इंजिन लागायचं आणि पळसाच्या पानावर कलाकंद घेऊन माणसं खिडकीशी यायची. कलाकंद हातात मिळायचा, तोंडात नाही. आधी कालाकुंडची उंची वाचून लक्षात ठेवायची. मग घाट. चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ. दोन इंजिनं दोन्हीकडून धापा टाकायची. जेमतेम दहा किलोमीटरवर पातालपानी. तिथली पाटी वाचायची, तोंडी वजाबाकी करायची, उत्तर बरोबर आलं की खायचं. चुकलं तर कलाकंद ताईला. वजाबाकी मला अजूनही खव्याच्या वासासकट येते. त्याच घाटात २०१८ मध्ये हेरिटेज ट्रेन सुरू झाली, लोक सेल्फ्या काढायला जातात. वजाबाकी कोणी करत असेल असं वाटत नाही.

तर मागल्या वर्षी भाच्यानं टूम काढली: हिमनदी बघायला जाऊ, तंबूत राहू. त्यानं मोबाइलवर अलास्कातली एक गाडी दाखवली. तिथं स्पेन्सर नावाची हिमनदी आहे, तिच्याकडे जायला रस्ताच नाही, फक्त रूळ. गाडी जंगलात एका छोट्या थांब्यावर पाठपिशव्यांसह माणसं उतरवते आणि निघून जाते. दोनेक किलोमीटर चाललं की समोर तळं, तळ्यात बर्फाचे तुकडे तरंगताहेत. तंबू ठोका, झोपा, दुसऱ्या दिवशी गाडी परत न्यायला येते. त्याच रेल्वेच्या दुसऱ्या एका मार्गावर तर माणूस रुळाशेजारी उभा राहून पांढरं फडकं हलवतो आणि गाडी थांबते. मला हे सगळं पटलं, पण खटकलंही. जरा विचार केल्यावर कळलं की तो देश इतका उत्तरेला आहे की तिथं हिमनदीच खाली उतरून स्टेशनाला येते. आपल्याकडे ती वरच बसते, कोणाकडे जात नाही.

आपण पिंडारीला जाऊ, असं ठरलं. कुमाऊंमध्ये, काठगोदामपर्यंत रेल्वे. आईला सांगितलं. आई चौऱ्याऐंशीची, ऐकायला कमी येतं, पण जे येतं ते पक्कं.

"पेंढाऱ्यांकडे? कशाला?"

"पिंडारी, आई. बर्फ आहे तो."

"आपल्या होळकरांनीच पोसले, नि शिंद्यांनीही. माळवा लुटून खाल्ला मेल्यांनी," आई म्हणाली आणि कपाटातून जीरावनचा (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) डबा काढून माझ्या पिशवीत टाकला. पिंडर नदी, ती पुढे कर्णप्रयागला अलकनंदेला मिळते, तिच्यावरून ते नाव, वगैरे मी सांगत होतो. ऐकणारं कोणी नव्हतं.

दसऱ्यानंतर निघालो. दुपारची मालवा एक्स्प्रेस. इंदूरच्या पाटीवर साडेपाचशे मीटर. भाचा हसला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात उंची, हवेचा दाब, नाडी, सगळंच दिसत होतं. पण मी हट्टानं प्रत्येक मोठ्या स्टेशनला दारात जाऊन उभा राहिलो. भोपाळला पाचशेच्या आसपास. मध्यरात्री ग्वाल्हेर, दोनशेच्या घरात. (ग्वाल्हेरवाले आमच्याहून साडेतीनशे मीटर खाली आहेत, हे समजल्यावर एका इंदूरकराला जी झोप लागायची ती लागली. शिंदे-होळकरांचं असं आहे.) आग्र्याला डोळा उघडला तेव्हा आकडा दोनशेच्याही खाली. हिमालयाकडे निघालेला माणूस रात्रभर उतरतच होता.

दिल्लीत दिवस काढून रात्री राणीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम. शेवटचं स्टेशन, पुढे रूळच नाहीत, डोंगर उभा. थंडीत डोळे चोळत पाटीकडे गेलो आणि मोठ्यानं हसलो. जवळपास इंदूरएवढीच उंची! दोन रात्री, बाराशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, आणि वजाबाकी जवळजवळ शून्य. रेल्वेनं आम्हाला हिमालयाच्या पायरीशी आणून सोडलं होतं, पण आमच्याच घराच्या ओट्याएवढ्या उंचीवर. बाबा असते तर कलाकंद कोणाला मिळाला असता, कोण जाणे.

पुढचं जीपचं काही सांगत नाही. अल्मोडा, बागेश्वर, खरकिया. वळणं मोजायची नसतात. खरकियाहून पाय. खाती हे शेवटचं गाव, मग द्वाली, तिथं कफनी नदी येऊन पिंडरला मिळते, मग फुरकिया. भाचा वाटाड्याला 'दाज्यू' म्हणायचा, कुमाऊंत मोठ्या भावाला म्हणतात तसं. दाज्यू मला 'अंकलजी' म्हणायचा, भाच्यापेक्षा चार पावलं जास्त आदरानं आणि दर वळणावर माझ्यासाठी थांबून.

पहिला तंबू द्वालीला. दोघांचा म्हणून भाड्यानं आणलेला, पण ते 'दोघे' कोणत्या प्रजातीचे असावेत याची शंका यावी इतका. भाचा कुरकुरला. मला मात्र आत शिरताच घरी आल्यासारखं वाटलं. सहा फूट बाय दोन फूट: ही तर साइड लोअर! आयुष्यभर स्लीपरनं फिरलेल्या माणसाला तंबूत राहायला वेगळं शिकावं लागत नाही. बूट कुठं ठेवले की जाणार नाहीत (इथं चोर नव्हे, दंव), पाण्याची बाटली अंधारात हाताला कशी यावी, उशाला पँट गुंडाळून कशी घ्यावी, रात्री उठायचं झालं तर शेजाऱ्याच्या पोटावर पाय न देता कसं बाहेर पडावं, हे सगळं आपण दहा वर्षांचे असतानाच शिकून बसलेलो असतो. शेजारी दोन नद्या रात्रभर पुलावरच्या गाडीसारख्या वाजत होत्या. मला छान झोप लागली. सकाळी आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचं पाणी जमून टपकायला लागलं, तेव्हा अर्धवट झोपेत मी म्हणालो म्हणे, "खिडकी लावा हो."

फुरकिया सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. तिथं पाणी उकळतं साधारण ८९ अंशांना. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ डाळ शिजत नाही. कुकर नसेल तर बटाटा आतून कच्चा, तांदूळ कणीदार, तूर तर नावच नको. शेजारच्या तंबूतले चौघे राजम्याच्या पातेल्याभोवती श्राद्धाला बसल्यासारखे बसले होते. आणि आम्ही? पोहे. पोह्यांना शिजवायचं नसतंच, ते मुळात शिजून, कुटून आलेले. भिजवले, फोडणी दिली, वर जीरावन, वर शेव. रात्री उणे तापमान, गोठायला आलेले हात, त्यात जीरावनची ती आंबट-तिखट, सुंठ-हिंगाची झुळूक. दोन किलोमीटर खाली असलेलं फुप्फुस जागेवर आलं. दाज्यूनं तीनदा घेतले. राजमावाले एकेक करून आमच्याकडे सरकले. पोह्यांबद्दल इंदूरकर अतिशयोक्ती करतो हे मला मान्य आहे, पण ८९ अंश हा भौतिकशास्त्राचा भाग आहे.

पहाटे निघालो. भाच्याचं घड्याळ थंडीनं रात्रीच मिटलं होतं. उंची विचारायला कोणी उरलं नव्हतं, फक्त माझा श्वास. तो बऱ्यापैकी अचूक सांगत होता. समोर नंदाखाट, पलीकडे नंदाकोट, ६,८६१ मीटर. वरच्या खिंडीला ट्रेल पास म्हणतात. कुमाऊंचा कमिशनर ट्रेल १८३० मध्ये तिथून गेला. वाट काढली सूपी गावच्या मलकसिंगानं, नाव लागलं साहेबाचं. दाज्यूनं हे सांगताना आवाज चढवला नाही, पण 'मलकसिंग' दोनदा म्हणाला.

मग वाट एकदम संपली. पुढं जमीनच नाही, कडा तुटून खाली गेलेला. समोर दरी, पलीकडे मळकट, भेगाळलेला, वरच्या अंगाला निळसर झाक मारणारा बर्फ. हिमनदी मागे सरकत गेली आणि तिनं सोडलेले उतार ढासळत राहिले, हे दाज्यूनं हातवारे करून दाखवलं. त्याच्या आजोबांच्या लहानपणी ती इथवर, वडिलांच्या वेळी तिथवर, आता ती त्या काळ्या खडकाच्याही वर. बोट दर वाक्याला वर चढत होतं.

या जागेला काय म्हणतात ठाऊक आहे? झीरो पॉइंट. साडेतीन हजार मीटरच्याही वर धापा टाकत आलो आणि नाव शून्य. मी तसाच दगडावर बसलो आणि वजाबाकी करायचा प्रयत्न केला. कशातून काय वजा करायचं तेच कळेना.

परतीची गाडी इंदूरला दुपारी लागली. घरी पोचलो तर आई ओट्यावर शेंगा सोलत होती. रिकामा जीरावनचा डबा आधी तपासला, मग मला.

"भेटले का पेंढारी?"

खुलासा करण्याचं त्राण नव्हतं. "लांबून पाहिले," मी ओरडून सांगितलं. "मागे हटलेत. दर वर्षी थोडे थोडे मागे जाताहेत म्हणे."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"जातात नि परत येतात ते," ती म्हणाली. "दाराला कडी घाल."