जुनी टाकी एका दिवसात उपसू नका

वर्षानुवर्षं नीट चाललेली झाडांची टाकी, म्हणजे पाणवनस्पती लावलेलं माशांचं ॲक्वेरियम, बिघडते ती बहुधा सुट्टीच्या दिवशी, सगळं एकदम लख्ख करायला घेतल्यावर. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू पाण्यात जवळपास नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजला, रेतीच्या वरच्या थराला, दगड-लाकडाला आणि पानांना चिकटून असतात. रेती उकरली, स्पंज धुतला आणि निम्मी झाडं उपटली, हे तिन्ही एकाच दिवशी केलं तर त्यांची बहुतेक घरं एकदम गेली. वर उकरलेल्या गाळातला अमोनिया पाण्यात मिसळला. त्यामुळे रेती, फिल्टर आणि झाडं यांपैकी एका वेळी एकालाच हात लावायचा आणि मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे. पूर्ण काम दोन-तीन महिन्यांचं धरून चाला.

हात घालण्याआधी पाणी तपासा: पीएच (पाणी किती आम्लधर्मी), केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, हीसुद्धा अंशांत मोजतात), नायट्रेट (जीवाणूंनी अमोनियाचं केलेलं रूप) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार). टीडीएस टाकीचा आणि नव्या पाण्याचा, दोन्ही मोजा. जुन्या टाकीत केएच हळूहळू संपतो, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. केएच शून्याजवळ आला की पीएच 6 च्या खाली घसरतो, जीवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साचतो. तरी मासे ठीक दिसतात, कारण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. अशा टाकीतलं निम्मं पाणी बदललं की पीएच वर उडी मारतो. 6 चा 7 झाला तरी विषारी अमोनिया सुमारे दहापट होतो. संध्याकाळी पाणी बदललं आणि सकाळी मासे मेले, यामागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त पाणी. एक दिवसाआड 10 टक्के, म्हणजे 100 लिटरच्या टाकीत 10 लिटर, क्लोरीन काढलेलं आणि तापमानात फार तर एक-दोन अंशांचा फरक असलेलं. सात वेळा असं केलं की जुनं पाणी निम्म्याहून किंचित कमी उरतं आणि माशांना ते कळतही नाही. नव्या पाण्यातच केएच नसेल तर 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा केएच सुमारे एक अंशाने वाढवतो. सोडा आधी मगभर पाण्यात विरघळवा. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त वाढवू नका, आणि टाकीत अमोनिया दिसत असेल तर तो उतरेपर्यंत सोड्याला हातच लावू नका.

आता रेती. टाकीच्या तळाचे मनातल्या मनात चार भाग करा आणि एका वेळी एकच घ्या. बारीक वाळू असेल तर सायफनचं (पाण्यासोबत गाळ ओढून घेणाऱ्या नळीचं) तोंड सेंटीमीटरभर वर धरून फक्त गाळ उचला. जाड खडी असेल तरच नळी आत खुपसा, तीही मुळांची दाटी नसेल तिथे. मुळांजवळचा तपकिरी गाळ म्हणजे झाडांचं खत, तो राहू द्या. काळे डाग आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे हवा पोचत नाही हे नक्की. तो भाग उलटापालटा करू नका. हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चालू ठेवून बारीक काडीने दोन-तीन ठिकाणी टोचा, चार दिवसांनी पुन्हा.

तळाला ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खतयुक्त दाणेदार माती) असेल आणि तिचा दाणा बोटांत दाबल्यावर चिखल होत असेल तर त्यातला कस गेला. तरी सगळी बदलू नये असं माझं ठाम मत आहे. नवी सॉइल काही आठवडे अमोनिया सोडते आणि भरल्या टाकीत त्याची किंमत मासे मोजतात. त्याऐवजी मुळांजवळ 5 सेंमी खोल, 10 ते 15 सेंमी अंतराने खताच्या गोळ्या खुपसा. त्यासुद्धा एकदम सगळीकडे नकोत, आधी अर्ध्या टाकीत.

मोठी ॲमेझॉन स्वोर्ड ही पाणवनस्पती काढायची असेल तर ओढू नका. तिची मुळं पार दुसऱ्या काचेपर्यंत गेलेली असतात आणि ओढली की अख्खा तळ वर येतो. पातळ सुरीने बुंध्याभोवती वीतभर व्यासाचं वर्तुळ कापा आणि झाड आठवडाभर तसंच राहू द्या. मग फिल्टर बंद करून सायफनचं तोंड बुंध्याशी धरा आणि दुसऱ्या हाताने झाड किंचित हलवत, हळूहळू वर घ्या. उठणारा गाळ पसरण्याआधीच नळीत जातो. वर्तुळाबाहेरची बारीक मुळं तिथेच कुजू द्या.

फिल्टर सर्वांत सोपा, म्हणून त्याच्यावरच जास्त अत्याचार होतो. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळा आणि थांबा. पाणी तपकिरी येत राहिलं तरी थांबा. नळाखाली कधीच नाही. इम्पेलर (फिल्टरच्या मोटरचा छोटा पंखा) आणि नळ्या मात्र ब्रशने स्वच्छ करा, अर्धा प्रवाह तिथेच अडलेला असतो.

झाडांत एका वेळी फार तर एक तृतीयांश छाटणी. रोटालासारख्या उभ्या झाडांचे 12-15 सेंमीचे शेंडे पेराच्या खाली कापून पुन्हा लावा, जुनं खोड मातीलगत कापा. काळं केसाळ शेवाळ धरलेली अनुबियासची पानं देठापासून काढा. तिचं आडवं खोड पुरू नका, कुजतं.

छाटणीनंतर दोन गोष्टी हमखास विसरतात. वरची दाटी गेल्यावर खाली एकदम जास्त उजेड पोचतो, म्हणून दिवे दोन आठवडे 8 ऐवजी 6 तास. आणि पानं कमी झाली की कार्बन डायऑक्साइडही कमी शोषला जातो. तुम्ही टाकीत हा वायू सोडत असाल आणि त्याचे बुडबुडे तेवढेच ठेवले तर मासे पृष्ठभागावर धापा टाकतात. ड्रॉप चेकर (या वायूचं प्रमाण रंगाने दाखवणारी टाकीतली कुपी) पिवळा होण्याआधीच वायू कमी करा. माशांचं खाणंही निम्मं.

पाणी दुधासारखं झालं तर फिल्टर धुऊ नका, हवा वाढवा. अमोनिया 0.25 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत पाव भागाच्या) वर दिसला आणि पीएच 7 किंवा जास्त असेल तर 25 टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पीएच 6 च्या आसपास असेल तर 10 टक्क्यांवरच राहा आणि दोन दिवस खाणं बंद ठेवा. क्रिप्टोकोरीन या झाडाची सगळी पानं दोन दिवसांत जेलीसारखी विरघळली तर पानं काढून टाका, पण मुळं उपटू नका. तीन-चार आठवड्यांत तिथूनच नवं पान वर येतं.